शोक असं बोलत नाही

ईस्टरनंतरच्या आठवड्यात आमच्या वसईत एक व्याख्यान झालं आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास प्रश्नोत्तरं रंगली. विषय होता श्रद्धा आणि विवेक. पण बोलणं फिरून फिरून एकाच जागी येत राहिलं, येशू मेलेल्यांतून उठला यावर. एक तरुण मुलगा उभा राहून म्हणाला, "मेलेला माणूस उठत नाही हे शाळेतलं पोरही सांगेल. मग आपण हे का धरून बसलोय?" त्याला उत्तर द्यायला उठलेले गृहस्थ माझ्याच धर्मग्रामातले, मनाने फार चांगले. ते म्हणाले, "बाळा, हा श्रद्धेचा विषय आहे, इथे प्रश्न विचारायचे नसतात." टाळ्या पडल्या. मग मागून कुणीतरी समेट घडवून आणला: पुनरुत्थान म्हणजे प्रतीक, येशूचे विचार जिवंत राहिले एवढाच त्याचा अर्थ. त्यालाही टाळ्या पडल्या. मी घरी परतलो तो अस्वस्थ होऊन. मूळ दावा काय आहे, हे तिघांपैकी एकानेही पाहिलं नव्हतं.

दावा घटनेचा आहे. अमुक एका माणसाला पंतय पिलात रोमन सुभेदार असताना यरुशलेमच्या वेशीबाहेर क्रुसावर मारलं, पुरलं, आणि तिसऱ्या दिवशी तो जिवंत भेटला, असं पहिल्या ख्रिस्ती माणसांनी सांगितलं. त्यांना प्रतीक सांगायचं असतं तर कुणाची ना नव्हती. गुरूचे विचार अमर आहेत असं म्हणणाऱ्याला कोण दगड मारतं? आधी ख्रिस्ती माणसांचा छळ करणारा आणि पुढे त्यांचाच प्रेषित झालेला संत पौल तर करिंथकरांना स्वच्छ लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. जो माणूस स्वतःच आपला सगळा विश्वास एका घटनेवर पणाला लावतो, त्याच्या नावाने "प्रश्न विचारू नका" म्हणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? त्या मुलाचा प्रश्न रास्तच होता. माझं म्हणणं इतकंच की तो प्रश्न शेवटपर्यंत न्यावा. नेला, तर पुनरुत्थान मानायला जितकं धाडस लागतं, त्याहून जास्त धाडस ते नाकारणाऱ्या प्रत्येक पर्यायी कथेवर विश्वास ठेवायला लागतं, असं माझं मत झालं आहे.

मेलेली माणसं उठत नाहीत, हे मी विनाअट मान्य करतो. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने 1748 साली हाच मुद्दा नेमका मांडला: निसर्गनियमांच्या बाजूने साऱ्या मानवजातीचा अनुभव उभा असतो, तेव्हा चमत्काराच्या साक्षीपेक्षा साक्षीदार चुकला असण्याची शक्यता नेहमीच जास्त. युक्तिवाद बळकट आहे आणि रोजच्या व्यवहारात मीही तोच वापरतो. उद्या कुणी सांगितलं की अर्नाळ्याला मेलेला माणूस उठून बसला, तर मी आधी डॉक्टरांना विचारीन, मग फादरांना. पण या युक्तिवादात एक गाठ आहे. "साऱ्या मानवजातीचा अनुभव" असं म्हणताना तो एक वादग्रस्त अनुभव आधीच वगळलेला असतो, आणि मग तो वगळलेला आहे म्हणून खोटा ठरवलेला असतो. शिवाय मृत माणसं आपापली, निसर्गक्रमाने उठतात असं ख्रिस्ती माणूस म्हणतच नाही. देवाने एकाला उठवलं, असं म्हणतो. देवच नाही अशी ज्याची खात्री आहे त्याच्याशी वाद तिथूनच सुरू व्हायला हवा. पण देव असू शकतो एवढं जरी कुणी मानलं, तरी "असं होऊच शकत नाही" हे वाक्य त्याला वापरता येत नाही. मग उरतो प्रश्न साक्षीचा.

आणि पहिल्या शतकातल्या लोकांना मेलेला माणूस उठत नाही हे माहीत नव्हतं, असं समजणं हा आपला निव्वळ अहंकार आहे. त्या रविवारी पहाटे बाया कबरीकडे निघाल्या तेव्हा त्यांच्या हातात काय होतं? सुगंधी द्रव्यं. प्रेताला लावायची. उठलेल्या माणसाच्या भेटीला कुणी प्रेताचा सरंजाम घेऊन जातं का? त्या परत येऊन सांगू लागल्या तेव्हा शिष्यांना ती बडबड वाटली, हे लूकने आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, लिहून ठेवलं आहे. थोमा तर म्हणाला, जखमांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही. अथेन्सच्या लोकांनी पौलाचं बाकी सगळं ऐकून घेतलं आणि पुनरुत्थानाचा शब्द निघताच त्याची टर उडवली. व्याख्यानातल्या त्या मुलाचा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे, आणि तो सगळ्यात आधी शिष्यांनीच विचारला आहे.

पुढचा आक्षेप: शुभवर्तमानं घटनेनंतर कित्येक वर्षांनी लिहिली गेली आणि तपशिलात एकमेकांशी जुळत नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या. मार्कचं शुभवर्तमान साधारण सन 70 च्या आसपासचं मानतात, म्हणजे घटनेनंतर जवळपास चाळीस वर्षांनी. कबरीपाशी बाया किती होत्या, देवदूत एक की दोन, यात फरक आहेत. हे फरक कसेबसे सांधायची कसरत आपल्यातले काही जण करतात, ती मला मुळीच आवडत नाही. पण मराठी माणसाला या गोष्टीचं नवल वाटायचं कारण काय? 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला. सभासदाने आपली बखर लिहिली ती त्यानंतर पस्तीस-चाळीस वर्षांनी. पहिला वार कुणी केला, कोणतं शस्त्र कधी चाललं, बरोबर माणसं किती, यावर साधनांत एकवाक्यता नाही. खुद्द महाराजांच्या जन्मसालावरून, 1627 की 1630, आपण पिढ्यान् पिढ्या भांडलो. म्हणून भेट झालीच नाही, खान आपल्या मरणाने मेला, असं कुणी शहाणा माणूस म्हणतो का? उलट सगळ्या साधनांची शब्दन् शब्द जुळणी झाली असती, तर इतिहासकाराला पहिला संशय आला असता की कुणीतरी बसून ती जुळवली आहे.

त्यातही सर्वांत जुनी साक्ष शुभवर्तमानांची नाहीच. करिंथकरांना लिहिलेलं पौलाचं पत्र सन 53 ते 55 च्या सुमाराचं. त्यात तो एक यादी देतो आणि सांगतो की मला जे मिळालं तेच मी तुमच्या हाती दिलं: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला, म्हणजे येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याला, दिसला, मग बाराजणांना, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधूंना, मग याकोबाला. या पाचशेंपैकी बहुतेक जण अजून हयात आहेत, हेही तो नोंदवतो. म्हणजे, जा आणि विचारा. गलतीकरांच्या पत्रात तोच सांगतो की आपण यरुशलेमला जाऊन पेत्रापाशी पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. ही भेट घटनेनंतर मोजक्या वर्षांतली. तेव्हा दंतकथा पिढ्यान् पिढ्या वाढत गेली हे म्हणणं टिकत नाही; तिला वाढायला वेळच मिळालेला नाही.

काही आक्षेप फार वेळ घेण्यासारखे नाहीत. येशू मेलाच नव्हता, बेशुद्ध होता, ही कल्पना दाव्हिद स्ट्राउस या जर्मन पंडितानेच एकोणिसाव्या शतकात मोडीत काढली, आणि तो स्वतः पुनरुत्थान मानत नव्हता. अर्धमेला, रक्तबंबाळ, मलमपट्टीला मोताद झालेला माणूस बघून शिष्यांना मृत्यूवर विजय मिळवलेला प्रभू दिसावा, हे कसं शक्य आहे, असा त्याचा सवाल होता. इजिप्तचा ओसिरिस, ग्रीकांचा अदोनिस या मरून परतणाऱ्या देवांच्या कथांची उसनवारी म्हणावी, तर त्या ऋतुचक्राच्या कथा; त्यांना तारीख नाही, सुभेदाराचं नाव नाही, ज्याच्या घरी जाऊन विचारावं असा साक्षीदार नाही. क्रुसावर मारलेल्यांना रोमन लोक पुरूच देत नसत, हा आक्षेप मात्र वजनदार आहे, कारण बहुतेकांच्या बाबतीत ते खरं असावं. पण 1968 साली यरुशलेमच्या उत्तरेला एका थडग्यात दगडी अस्थिपेटी सापडली. तिच्यावर योहानान हे नाव कोरलेलं होतं आणि आत टाचेचं हाड होतं, लोखंडी खिळा आरपार गेलेलं. खिळ्याचं टोक वाकलं होतं म्हणून तो निघाला नाही आणि हाडाबरोबरच पुरला गेला. पहिल्या शतकात, त्याच शहराजवळ, क्रुसावर मेलेल्या एका माणसाला त्याच्या घरच्यांनी रीतसर मूठमाती दिली होती. एका उदाहरणाने नियम बदलत नाही, पण "अशक्य" हा शब्द मागे घ्यावा लागतो.

आता मला ज्या आक्षेपाचा खरा धाक वाटतो, त्याकडे येतो. तो असा: माणसाचं मन आवडत्या माणसाचा मृत्यू स्वीकारत नाही. शोकात माणूस मेलेल्याचा आवाज ऐकतो, त्याला दारात उभा पाहतो. शिष्यांचं तसंच झालं असेल.

हे कोकणाहून जास्त कोण ओळखतं? 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. भाऊंचा म्हणून एक देह ओळखून त्याला अग्नी दिल्याची नोंद आहे, पण तो पुण्यापासून शेकडो कोसांवर, घरच्या माणसांच्या नजरेआड. पार्वतीबाईंनी वैधव्य मानलं नाही. आणि मग भाऊ म्हणवणारा एक माणूस उगवला. रत्नागिरीच्या किल्ल्यात तो कैदेत होता. 1776 साली तिथून सुटला आणि पाहता पाहता आमच्या याच कोकणात त्याच्यामागे फौज उभी राहिली, किल्ले त्याच्या हाती गेले. शेवटी पकडून पुण्यात त्याला मारलं. पंधरा वर्षांपूर्वी मेलेल्या माणसासाठी लोक तलवार घेऊन निघाले, इतकी ती आशा चिवट. नेताजींच्या बाबतीत 1945 नंतर हेच घडलं. येशूच्या बाबतीतही हेच झालं असं कुणी म्हणालं, तर तो काही वेडगळ बोलत नाही.

पण ती आशा नेमकं काय बोलते, हे कान देऊन ऐका. ती म्हणते, "तो मेलाच नाही." तो देह दुसऱ्याचा होता, तो निसटला, तो येईल. आमच्या किनाऱ्यावर हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ओळखीतल्या एका काकींचा नवरा दर्यात गेला. होडी सापडली, माणूस सापडला नाही. काकी दर महिन्याला चर्चच्या कचेरीत मिस्साचा हेतू, म्हणजे उपासनेत कुणासाठी प्रार्थना करायची ते नाव, द्यायला जायच्या. मृतांच्या यादीत त्यांनी नवऱ्याचं नाव कधी लिहू दिलं नाही. प्रवासाला गेलेल्यांसाठी म्हणून लिहायला लावायच्या. कायदा सात वर्षांनी बेपत्ता माणसाला मृत मानतो. सात वर्षं झाली, मुलाने कागद पुढे केले, काकींनी सही केली आणि पुढच्या महिन्यात पुन्हा प्रवाशांच्याच यादीत नाव दिलं. त्याच किनाऱ्यावर दुसरं एक घर. तिथला मुलगा बुडाला आणि तिसऱ्या दिवशी भरतीने त्याला वाळूवर आणून टाकलं. बापाने त्याच्या दंडावरची जुनी खूण पाहून ओळख दिली, हाताने माती लोटली. त्या घरात शोक काही कमी नव्हता. पण रात्री कुत्रं भुंकलं म्हणून दार उघडायला कुणी उठलं नाही. देह पाहिला, पुरला, की मन त्या दिशेची वाट सोडून देतं. ते नंतर म्हणतं, तो देवाजवळ आहे, सुखात आहे, स्वप्नात आला होता, माझ्या पाठीशी आहे. तो कबरीतून उठला, असं मात्र ते कधी म्हणत नाही.

येशूचे शिष्य या दुसऱ्या घरातले होते. त्यांच्यापाशी देह होता. अरिमथाईच्या योसेफाने तो मागून घेतला, बायांनी कबर पाहून ठेवली. "तो मेलाच नाही" या वाक्याला जागाच नव्हती, आणि त्यांनी ते उच्चारलंही नाही. त्यांच्या घोषणेचे पहिले दोन शब्दच "मेला, पुरला गेला" असे आहेत. शोकाला साजेसं दुसरं वाक्य त्यांच्यापाशी तयार होतं: त्याचा आत्मा देवाजवळ आहे. यहुदी माणूस ते सहज म्हणाला असता आणि कुणी हरकत घेतली नसती. पुनरुत्थानावर बऱ्याच यहुद्यांचा विश्वास होता, पण तो जगाच्या अंती, सगळ्यांच्या मिळून होणाऱ्या उठण्यावर. योहानाच्या शुभवर्तमानात लाजराची बहीण मार्था हेच बोलते. मधेच, इतिहास चालू असताना, एकटाच कुणी उठेल ही अपेक्षा कुणाचीच नव्हती. ज्याची अपेक्षाच नाही, त्याचा भास शोकाने कुठून आणला?

पुढे सन 135 मध्ये रोमनांनी यहुदी बंडाचा पुढारी बार कोखबा याला संपवलं. रब्बी अकिवासारख्या थोर यहुदी धर्मगुरूने त्याला मसीहा, म्हणजे देवाने पाठवलेला तारणारा, मानलं होतं. तो मेला आणि त्याची चळवळ विझली. तो उठला असं कुणी म्हटलं नाही. 1666 साली साब्बाताई झ्वी या मसीहा म्हणवणाऱ्या यहुद्याने तुर्की सुलतानापुढे धर्म बदलला, तेव्हा त्याच्या काही अनुयायांनी त्यातही गूढ अर्थ शोधला, हे मी मान्य करतो. हरलेली आशा असे अर्थ शोधतेच. पण ते अर्थ डोळ्यांना न दिसणारे असतात, म्हणून तर ते टिकतात. शिष्यांनी सांगितलं ते तपासता येण्याजोगं होतं, आणि सांगितलं ते त्याच शहरात, जिथली कबर लोकांना माहीत होती. मत्तयाच्या शुभवर्तमानानुसार विरोधकांनी काय पसरवलं? शिष्यांनी देह चोरला. देह जागेवर असता, तर चोरीची गोष्ट रचायची गरज कुणाला पडली असती?

याकोब आणि पौल यांचं काय करायचं, हेही भासाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी सांगावं. याकोब सख्ख्या घरातला, पण येशू हयात असताना त्याच्यावर विश्वास न ठेवणारा. भावाला गुन्हेगाराचं मरण आल्यावर तर त्या अविश्वासावर शिक्काच बसायला हवा होता. तोच पुढे यरुशलेमच्या मंडळीचा आधारस्तंभ झाला आणि सन 62 मध्ये दगडमार होऊन मेला, ही नोंद योसेफस या यहुदी इतिहासकाराची. पौलाला तर शोकच नव्हता. तो या माणसांना पकडायला निघाला होता.

आपल्या माणसांनाही इथे दोन शब्द सांगायला हवेत. "शिष्यांनी प्राण दिले, म्हणून पुनरुत्थान खरं" हे आपलं आवडतं वाक्य आहे आणि ते जसंच्या तसं चालत नाही. खोट्यासाठीही माणसं प्राण देतात. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला क्रुसावर गेले. त्यांचं नाव घेताना माझी मान आपोआप झुकते. पण त्यांच्या मरणातून त्यांची निष्ठा सिद्ध होते, कबर रिकामी होती हे सिद्ध होत नाही. ते दीड हजार वर्षांनंतरचे. पेत्राची गोष्ट वेगळी, कारण आपण पाहिलं की नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिथेही मरण्यातून फक्त प्रामाणिकपणा कळतो, आणि बाराही प्रेषितांच्या मरणाची खात्रीलायक माहिती आपल्यापाशी नाही. तेवढंच सांगावं. जास्त सांगितलं की ऐकणाऱ्याचा खऱ्यावरचाही विश्वास उडतो. तसंच पुनरुत्थानाच्या नावाने मंडप घालून आजार बरे करण्याचे बाजार मांडणाऱ्यांबद्दल. महाराष्ट्राने 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यासाठी त्याच वर्षी डॉ. दाभोलकरांचा जीव गेला. त्या कायद्याच्या बाजूने सर्वांत आधी आपण उभं राहायला हवं होतं.

माझे हिंदू मित्र वेगळाच प्रश्न विचारतात, आणि तो मला जास्त जवळचा वाटतो. आत्मा अमर आहे, देह म्हणजे जुनं वस्त्र. मग देहच उठायला हवा हा तुमचा हट्ट कशाला? त्यांच्या श्रद्धेला मी कमी लेखत नाही. पण माझ्या आईचा विचार करताना मला वस्त्र आठवत नाही, तिचे हात आठवतात. वाडीत पानवेलींना पाणी शिंपून फुटलेले, मिस्साला जाताना खोबरेल चोळलेले. 2 नोव्हेंबरला तिच्या कबरीवर आम्ही फुलं वाहतो, मेणबत्ती लावतो. वारा समुद्रावरून येतो, ज्योत टिकत नाही. ओंजळीचा आडोसा धरून बसावं लागतं. त्या मातीखाली जे आहे ते टाकून दिलेलं वस्त्र आहे, असं मला म्हणता येत नाही. माझा विश्वास मला तसं म्हणायला लावत नाही. उठलेल्या येशूच्या देहावर खिळ्यांच्या जखमा तशाच होत्या. नवा, मरणाच्या पलीकडचा देह, पण व्रण जुनेच. म्हणजे या देहाने इथे जे सोसलं ते वाया गेलेलं नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाचं शेवटचं प्रकरण आमच्या किनाऱ्यावर वाचावं. रात्रभर जाळी टाकून हात रिकामे, उजाडताना काठावर कुणी उभा, जाळं उजवीकडे टाका म्हणतो. जाळं भरतं, ओढवत नाही. मासे मोजले जातात, 153. हा आकडा कशासाठी, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिलं आहे. कोळीवाड्यात हा प्रश्न कुणाला पडत नाही. मावरं काठाला लागलं की ते मोजतात. काठावर कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासळी आहे, भाकर आहे. "या, न्याहारी करा," तो म्हणतो. आणि तू कोण आहेस, हे विचारायची कुणाला हिंमत होत नाही, कारण तो प्रभू आहे हे सगळ्यांना कळलेलं असतं.